आंतरजालावरील समूहांचे संशोधन : काही नैतिक प्रश्न

माणसे एकत्र बसून बोलू लागली म्हणजे त्यांची भाषा, त्यांच्या समजुती, रूढी, हेवेदावे आणि जिव्हाळा ही सारी एकाच वेळी प्रकट होतात. भाषेच्या व समाजाच्या अभ्यासकाला अशा बोलण्याचे आकर्षण वाटावे हे म्हणूनच स्वाभाविक आहे. पूर्वी हे बोलणे ऐकावयाचे तर अभ्यासकाला गावोगाव हिंडावे लागे, लोकांच्या ओसरीवर बसावे लागे, आपण कोण व कशासाठी आलो हे सांगावे लागे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही परिस्थिती पालटली आहे. एकाच व्याधीने गांजलेले, एकाच गावाहून दूरदेशी गेलेले, एकाच ग्रंथकाराचे चाहते असलेले लोक आंतरजालावर समूह करून राहतात आणि परस्परांचे तोंडही न पाहता वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलतात. हे बोलणे हवेत विरून जात नाही; ते लेखी राहते, दिनांकासह व वेळेसह राहते. अभ्यासकाला ते आपल्या खुर्चीवरून न उठता आणि कोणासही न विचारता वाचता येते. ज्या सोयीने संशोधन सुलभ केले त्याच सोयीने एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात उभा केला आहे. दुसऱ्यांचे आपसांतील बोलणे आपल्याला ऐकू येते एवढ्यावरून ते टिपून घेण्याचा व प्रसिद्ध करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो काय?

हा प्रश्न परदेशांतील विद्यापीठांचा आहे, आपला नव्हे, असे मानण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव व गोवे येथील मराठी मंडळी आज व्हॉट्सॲप व फेसबुक यांवरील समूहांत मोकळेपणाने बोलतात. त्यांची बोली तेथे जितक्या अकृत्रिम स्वरूपात आढळते तितकी ती छापील नियतकालिकांत आढळत नाही. शाळेत भाषेचा प्रकल्प म्हणून असे संदेश गोळा करण्यास सांगणारे शिक्षक आहेत. प्रबंधासाठी ते वापरू इच्छिणारे विद्यार्थी आहेत. साहित्यसंस्थांच्या सभासदांनाही त्यांत बोलीची मोठी सामग्री दिसते. अशा वेळी या प्रश्नाचा आजवर कोणकोणत्या अंगांनी विचार झाला आहे हे समजून घेणे उपयुक्त ठरावे.

१. संमतीचे तत्त्व

माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची संमती घेतली पाहिजे हे तत्त्व आज सर्वमान्य असले तरी ते फार महाग किंमत मोजून मान्य झाले. नाझी वैद्यांनी बंदिवानांवर केलेल्या अघोरी प्रयोगांचा खटला न्यूरेंबर्ग येथे चालला, आणि त्याच्या निकालातून १९४७ मध्ये जी संहिता निघाली तिचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. १९६४ मध्ये हेलसिंकी येथे जागतिक वैद्यकसंघटनेने त्याच विचाराचा विस्तार केला. तरीही अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे उपदंशाने पीडित अशा शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांच्या रोगाची खरी माहिती न देता आणि उपचारही न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवण्याचा प्रकार १९३२ पासून १९७२ पर्यंत चालू राहिला. तो उघडकीस आल्यानंतर नेमलेल्या आयोगाने १९७९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला तो बेलमाँट अहवाल या नावाने ओळखला जातो. व्यक्तीविषयी आदर, तिचे हित पाहणे व अपाय टाळणे, आणि संशोधनाचा भार व लाभ यांची न्याय्य वाटणी, अशी तीन तत्त्वे त्याने सांगितली.

ही तत्त्वे आंतरजालावरील समूहांना जशीच्या तशी लावता येत नाहीत, आणि अडचण नेमकी येथेच आहे. वैद्यकीय प्रयोगात एका बाजूस वैद्य व दुसऱ्या बाजूस रोगी असतो. दोघे समोरासमोर असतात. आंतरजालावर संशोधक अदृश्य असतो. शिवाय त्याला व्यक्तीशी बोलावयाचे नसते; व्यक्तीने मागे ठेवलेले शब्द तेवढे वाचावयाचे असतात. मग तो माणसाचा अभ्यास करीत आहे की लेखाचा? लेखाचा म्हणावे, तर छापील पुस्तकावर टीका लिहिताना आपण ग्रंथकाराची संमती विचारत नाही. माणसाचा म्हणावे, तर संमतीवाचून एक पाऊलही टाकता येणार नाही. या नव्या क्षेत्रातील बहुतेक वाद या दोन उत्तरांच्या ओढाताणीतून निर्माण झालेले आहेत.

२. नाव बदलले म्हणजे ओळख लपते काय?

ओळख लपविण्यासाठी माणसांची व गावाची नावे बदलावीत, ही समाजशास्त्रातील जुनी रीत आहे. ती किती अपुरी पडते याचे उदाहरण आंतरजालाच्या पुष्कळ आधीचे आहे. आर्थर व्हिडिच व जोसेफ बेन्समन यांचा अमेरिकेतील एका लहान गावाविषयीचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाला त्यांनी ‘स्प्रिंगडेल’ असे काल्पनिक नाव दिले होते, व व्यक्तींची नावेही बदलली होती. कॉर्नेल विद्यापीठाच्या ज्या योजनेखाली हे काम सुरू झाले तिच्या वतीने गावकऱ्यांना, कोणाचीही ओळख छापील मजकुरात पटणार नाही, असे आश्वासन दिलेले होते. ग्रंथ हाती पडताच गावकऱ्यांनी आपापल्याला व एकमेकांना बिनचूक ओळखले. कारण गावाचा कारभार पडद्याआडून चालविणारे लोक कोण, हे गावात सर्वांनाच ठाऊक होते. पुढे ४ जुलैच्या राष्ट्रीय उत्सवाच्या मिरवणुकीत गावकऱ्यांनी त्या ग्रंथाच्या वेष्टणाची मोठी प्रतिकृती मिरविली, ग्रंथातील काल्पनिक नावे लावून मुखवटे घातलेली माणसे तिच्यामागून गेली, आणि शेवटी शेणखत पसरण्याच्या गाड्यावर खतात वाकलेला ग्रंथकर्त्याचा पुतळा नेला. गावाचे खरे नाव पुढे अभ्यासकांत सर्वश्रुत झाले. ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

या प्रकरणाचा बोध असा की, नाव लपविल्याने परक्यापासून ओळख लपते, आपल्या माणसांपासून लपत नाही. आणि माणसाला लाज वाटते ती बहुधा आपल्याच माणसांची. आंतरजालावर तर परक्यापासूनही ओळख लपत नाही. लिहिणाऱ्याचे नाव गाळले, पण त्याचे वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले, तर ते वाक्य शोधयंत्रात घालताच मूळ जागा क्षणात सापडते, आणि त्या जागी त्याचे नाव, छायाचित्र व इतर सारे बोलणे वाचावयास मिळते. मराठीच्या बाबतीत हा धोका इंग्रजीहून अधिक आहे. इंग्रजीत आंतरजालावर मजकुराचा महासागर आहे, त्या मानाने मराठी मजकूर थोडा. आणि वऱ्हाडी, मालवणी किंवा सीमाभागातील बोलीत लिहिलेले वाक्य तर त्या थोड्यांतही उठून दिसते. बोलीच्या अभ्यासकाला जे वैशिष्ट्य मोलाचे वाटते त्याच वैशिष्ट्यामुळे बोलणाऱ्याचा ठावठिकाणा लागतो, ही यातील विपरीत गोष्ट होय.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये फेसबुकवरील १,६४० विद्यार्थ्यांच्या माहितीचा संग्रह अभ्यासकांसाठी खुला केला, तेव्हा याच प्रश्नाचे दुसरे अंग पुढे आले. विद्यार्थ्यांची नावे काढून टाकलेली होती व विद्यापीठाचे नावही दिलेले नव्हते. तथापि वर्गाची नेमकी संख्या व काही दुर्मिळ अभ्यासविषयांची नावे यांवरून ते विद्यापीठ कोणते हे थोड्याच दिवसांत ओळखले गेले. मग ज्या प्रांतातून किंवा देशातून एकच विद्यार्थी आलेला होता त्याला ओळखणे कठीण उरले नाही. संग्रह मागे घ्यावा लागला. मायकेल झिमर यांनी २०१० मध्ये या प्रकरणाची जी चिकित्सा केली तीत आणखी एक मुद्दा दाखवून दिला. माहिती गोळा करणारे साहाय्यक त्याच विद्यापीठातील होते. जी माहिती विद्यार्थ्यांनी केवळ आपल्या विद्यापीठातील मंडळींसाठी खुली ठेवली होती, ती या साहाय्यकांना दिसत होती; म्हणून ती संग्रहात आली आणि संग्रहाच्या द्वारे साऱ्या जगापुढे गेली. ‘माहिती आधीच सार्वजनिक होती’ हा संशोधकांचा बचाव म्हणूनच टिकू शकत नाही.

३. सार्वजनिक म्हणजे काय?

सार्वजनिक व खासगी हे दोन शब्द आपण परस्परविरोधी म्हणून वापरतो. घराचे दार हे त्यांच्यामधील सीमा, अशी आपली ढोबळ समजूत असते. परंतु दैनंदिन जीवनात हा भेद इतका सरळ नसतो. पाणवठ्यावर दोघी बायका बोलत असतात तेव्हा जागा सार्वजनिक असते. बोलणे मात्र त्या दोघींचे असते. तिसरीने ते ऐकले तर तिचा दोष नाही. पण ते वहीत उतरवून चावडीवर वाचून दाखविले तर दोष आहे, हे सांगण्यास शास्त्र लागत नाही. भिंतीलाही कान असतात असे आपण म्हणतो. ती बोलणाऱ्याला दिलेली सूचना आहे, भिंतीला दिलेली परवानगी नव्हे.

हेलन निसेनबॉम या अमेरिकन तत्त्वचिंतक विदुषीने २००४ मधील एका निबंधात व पुढे २०१० च्या ग्रंथात हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आहे. माहिती उघड की गुप्त हा प्रश्न त्यांना गौण वाटतो. माहिती ज्या संबंधात दिली गेली त्या संबंधाचे काही संकेत असतात, व त्या संकेतांनुसारच ती पुढे जावयास हवी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. रोग्याने वैद्याला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वैद्याकडे गेली तर संकेतभंग होत नाही; तीच मालकाकडे गेली तर होतो. मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. आपल्या साहित्यशास्त्रात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याला काव्याचे जीवित मानले. एखादी गोष्ट स्वतः चांगली की वाईट यापेक्षा ती कोठे व कोणत्या संदर्भात आली आहे याला त्याने महत्त्व दिले. माहितीच्या बाबतीतही प्रश्न औचित्याचाच आहे.

मग ज्यांचा अभ्यास होतो त्या लोकांना काय वाटते? जेम्स हडसन व एमी ब्रुकमन यांनी हे प्रयोगाने पाहिले. त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गप्पांच्या खोल्यांत प्रवेश करून, आम्ही या संभाषणाची नोंद घेत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. अशा खोल्यांपैकी ६३.३ टक्के खोल्यांतून त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्यांनी इच्छा असल्यास तसे कळवावे, असे म्हणून ७६६ जणांना विचारले गेले त्यांपैकी केवळ ४ जणांनी होकार दिला. खोली जितकी मोठी तितकी हाकलले जाण्याची शक्यता कमी, असेही त्यांना आढळले; म्हणजे लहान बैठकीत माणसे आपले बोलणे अधिक आपले मानतात. हा प्रयोग ज्यांच्यावर झाला त्यांची संमतीही आधी घेतलेली नव्हती, आणि ती घेतली असती तर प्रयोगच झाला नसता, हा पेचही या विषयात सदैव उभा असतो. पुढे केसी फीस्लर व निकोलस प्रोफेरेस यांनी २०१८ मध्ये ट्विटरच्या २६८ वापरकर्त्यांची मते प्रसिद्ध केली. आपले सार्वजनिक संदेश संशोधक वापरतात हे त्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हते, आणि विचारल्यावाचून ते वापरू नयेत असे बहुसंख्यांचे मत पडले. मात्र कोण वापरतो, कशासाठी वापरतो, नाव येते की नाही, यांवर त्यांचे उत्तर अवलंबून होते. म्हणजे सामान्य माणूसही औचित्याचाच निकष लावतो.

४. केवळ निरीक्षण नव्हे, ढवळाढवळ

येथवर जे पाहिले ते ऐकण्याविषयी. परंतु संशोधक जेव्हा समूहाच्या जीवनात हात घालतो तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ लोकांना दिसणाऱ्या मजकुरातून आनंदी किंवा दुःखी भावनांचे संदेश कमी करून पाहिले, व त्याचा त्यांच्या स्वतःच्या लिखाणावर काय परिणाम होतो हे मोजले. परिणाम दिसला तो अत्यल्प होता. हे संशोधन कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासकाच्या सहकार्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जून २०१४ मध्ये प्रसिद्ध होताच मोठा गदारोळ झाला. लोकांनी सदस्य होताना कंपनीच्या अटी मान्य केल्या आहेत, तीच संमती, असे सांगण्यात आले. परंतु त्या अटींत ‘संशोधन’ हा शब्द प्रयोगानंतर, म्हणजे मे २०१२ मध्ये घालण्यात आला होता, हे वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. विद्यापीठाने म्हटले की, आमच्या माणसाने माहिती गोळा केली नाही, फक्त निष्कर्ष पाहिले. म्हणून आमच्या नीतिसमितीची तपासणी आवश्यक नव्हती. अशा रीतीने प्रयोग करणाऱ्या दोघांपैकी कोणीच उत्तरदायी ठरला नाही. नियतकालिकाने ३ जुलै २०१४ रोजी चिंता व्यक्त करणारे टिपण छापले. निबंध मात्र मागे घेतला नाही.

अलीकडील प्रकरण याहूनही बोलके आहे. रेडिट या संकेतस्थळावर एक मोठा समूह आहे. आपले मत मांडावे आणि ते बदलून दाखविण्याचे आव्हान इतरांस द्यावे, हा त्याचा परिपाठ. झ्यूरिक विद्यापीठातील संशोधकांनी या समूहात काही महिने कृत्रिम बुद्धीने लिहिलेले सुमारे १,७०० अभिप्राय माणसांच्या नावाने घातले. यंत्र माणसाला किती पटवू शकते, हे त्यांना मोजावयाचे होते. ही काल्पनिक माणसे कधी अत्याचारपीडित, कधी मानसिक आघातावर सल्ला देणारा, अशी सोंगे घेऊन बोलत होती. काही अभिप्रायांसाठी तर समोरच्या व्यक्तीचे वय, लिंग, वंश, राजकीय कल इत्यादींचा अंदाज तिच्या जुन्या लिखाणावरून यंत्राकडून बांधविण्यात आला होता. यंत्राने लिहिलेला मजकूर तसा सांगितल्यावाचून देऊ नये, असा समूहाचा स्पष्ट नियम होता. एप्रिल २०२५ मध्ये समूहाच्या व्यवस्थापकांनी हे उघड केले. विद्यापीठाच्या नीतिसमितीने मुख्य संशोधकास ताकीद दिली आणि संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरविले.

या समूहाची सारी इमारत एकाच विश्वासावर उभी होती: समोरचा माणूस आपले खरे मत व खरा अनुभव सांगत आहे. संशोधकांनी कोणाचे नाव उघड केले नाही, कोणाची माहिती विकली नाही. त्यांनी तो विश्वास खर्ची घातला. यापुढे त्या समूहात एखाद्या खऱ्याखुऱ्या पीडितेने आपली कहाणी सांगितली तर वाचणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकणारच. म्हणजे अपाय केवळ व्यक्तीला होत नाही, समूहालाही होतो; आणि बेलमाँट अहवालाची तत्त्वे व्यक्तीला धरून असल्यामुळे समूहाच्या या अपायाचा हिशोब त्यांत सहजासहजी बसत नाही. आंतरजालाच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२, २०१२ व २०१९ अशी तीन वेळा जी मार्गदर्शक टिपणे प्रसिद्ध केली त्यांत ठाम नियमांऐवजी संशोधकाने प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारावयाचे प्रश्न दिले आहेत. प्रत्येक समूहाचे संकेत निराळे असल्याने एकच नियम सर्वांस लागू पडत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

५. नाव द्यावे की लपवावे?

आतापर्यंतच्या विवेचनावरून नाव लपविणे हाच सदाचार, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती खरी नव्हे. एमी ब्रुकमन यांनी २००२ मध्ये या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. आंतरजालावर लिहिणारा प्रत्येक जण हा एक प्रकारचा हौशी कलावंत आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याचे शब्द घ्यावयाचे आणि नाव गाळावयाचे म्हणजे त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय हिरावून घ्यावयाचे. म्हणून काही वेळा नाव देणेच कर्तव्य ठरते, काही वेळा नाव बदलणे पुरते, आणि काही वेळा वाक्यही मूळ शब्दांत देता येत नाही. यांतील कोणती पायरी योग्य, हे अपायाच्या शक्यतेवरून ठरवावयाचे.

आपल्याकडे या विचाराचा उत्तम दाखला जात्यावरच्या ओव्यांचा आहे. पहाटे दळताना बायकांनी गाइलेली ओवी ही त्यांच्या सासर-माहेरच्या सुखदुःखाची वाणी. जुन्या संग्रहांतून अशा हजारो ओव्या गाणारणीच्या नावाशिवाय छापल्या गेल्या. लोकसाहित्य हे सर्वांचे, म्हणून कोणा एकीचे नव्हे, अशी त्या काळी समजूत होती. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी १९८० नंतरच्या काळात जे संकलन आरंभिले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि गाणारणीचे नाव व गाव त्यांत नोंदविले गेले. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या आंतरजालावर प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, त्याही गाणारणींच्या नावांसह. येथे नाव देणे हा आदर ठरतो; कारण संकलकांचे त्या बायकांशी संबंध होते, त्यांच्याकडे जाणे-येणे होते, आणि गाणे टिपले जात आहे हे त्यांना ठाऊक होते. आजारपणाविषयी बोलणाऱ्यांच्या समूहातून विचारल्यावाचून उचललेल्या वाक्यापुढे नाव घालणे, आणि ओवीपुढे गाणारणीचे नाव घालणे, या दोन क्रिया वरकरणी सारख्या दिसल्या तरी त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर संबंधामुळे पडते.

६. कायदा कोठवर येतो?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला, व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु या कायद्याच्या आधारे आपला प्रश्न सुटेल अशी अपेक्षा करू नये. जी माहिती व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केली तिला हा कायदा लागू होत नाही. संशोधनासाठी वापरलेल्या माहितीलाही, त्या व्यक्तीविषयी काही निर्णय घेण्यासाठी ती वापरली जात नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जात असतील तर, त्यांत मोठी सूट आहे. कायदा किमान मर्यादा आखतो. त्या मर्यादेच्या आत राहूनही विश्वासघात करता येतो, हे हार्वर्डच्या उदाहरणावरून दिसून येते.

७. आक्षेप आणि आचरण

यावर एक आक्षेप येतो, व तो रास्त आहे. प्रत्येक शब्दासाठी परवानगी मागावयाची तर संशोधन होणार कसे? लाखो संदेशांतून शब्दांची वारंवारता मोजणाऱ्याने लाखो लोकांना कसे विचारावे? द्वेष पसरविणाऱ्या समूहाची संमती घेऊन त्याचा अभ्यास कोण करू शकेल? इतिहासकाराने असे सोवळे पाळले असते तर आपल्याला इतिहासच मिळाला नसता. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले ते घराघरांतील दप्तरे धुंडाळून. पण हे उदाहरण पुरते पाहिले तर ते आक्षेपकाच्या बाजूस जात नाही. राजवाड्यांना दप्तरासाठी मालकाच्या दारी जावे लागले. मालकाला नाही म्हणता येत होते, व अनेकांनी तसे म्हटलेही. शिवाय ती पत्रे लिहिणारे केव्हाच कालवश झालेले होते. आंतरजालावरील समूहात बोलणारा जिवंत असतो, आणि त्याचे दार ओलांडले गेले हे त्याला कळतही नाही.

तारतम्य ठेवले तर वाट सापडते. सार्वजनिक पदावरील व्यक्तीने सर्वांसमोर केलेले विधान उद्धृत करण्यास कोणाला विचारण्याची गरज नाही. शब्द, म्हणी, रूपे व वाक्प्रचार यांची मोजदाद करावयाची आणि कोणाचे वाक्य छापावयाचे नाही, तर अपायाचा संभव थोडा असतो. द्वेषमूलक प्रचाराचा अभ्यास करताना लोकहित संमतीहून वरचढ ठरू शकेल. परंतु हा निर्णय संशोधकाने एकट्याने घेऊ नये, जाणत्यांच्या समितीपुढे ठेवावा. मात्र बंद समूहात सभासद म्हणून घेतलेल्या माणसाला आतील बोलणे बाहेर नेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो पाहुणा म्हणून आला आहे, टिपणनीस म्हणून नव्हे. त्याने प्रथम समूहाच्या प्रमुखाला व नंतर सर्व सभासदांना आपला हेतू सांगावा. प्रमुखाची परवानगी ही दार उघडण्याची परवानगी आहे. घरातील प्रत्येकाच्या वतीने दिलेली संमती नव्हे. ज्याने नकार दिला त्याचे बोलणे वगळावे, आणि दुसऱ्याच्या उत्तरातून त्याचे बोलणे डोकावत असेल तर तेवढा भागही सोडून द्यावा. आजार, शोक, कौटुंबिक कलह, जात व धर्म यांविषयीचे बोलणे आणि अल्पवयीन मुलांचे कोणतेही बोलणे अधिक जपून हाताळावे. बहुधा त्याला हात न लावणेच श्रेयस्कर. वाक्य उद्धृत करावयाचे असेल तर ते लिहिणाऱ्याला दाखवावे, व नाव द्यावे की नको हे त्यालाच ठरवू द्यावे. लेख पुरा झाल्यावर तो समूहाला वाचावयास द्यावा. निष्कर्ष काय निघाला हे ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

लहान भाषिक समाजात हे पथ्य अधिक कडक असावयास हवे. बृहन्महाराष्ट्रातील आपली मंडळे लहान आहेत. एका नगरातील मराठी घरे एकमेकांना तीन-तीन पिढ्या ओळखतात. येथे ‘एक वृद्ध गृहस्थ’ किंवा ‘एक विधवा शिक्षिका’ एवढ्या उल्लेखानेही व्यक्ती ओळखली जाते. आणि अशा समाजात एकदा शंका शिरली की माणसे आपसांत मराठीत मोकळे बोलेनाशी होतात. ज्या भाषेच्या रक्षणासाठी आपण संकलन करू पाहतो तिचाच एक जिवंत झरा त्यामुळे आटतो.

शिक्षकांवर याची विशेष जबाबदारी आहे. विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी दहा संदेश आणावयास सांगितले की तो घरच्या समूहातून ते उतरवून घेतो, आणि आत्याच्या आजारपणाची किंवा काकांच्या भांडणाची गोष्ट वर्गाच्या फळ्यावर येते. त्याऐवजी त्याला असे सांगावे: आजीला विचार, तिची परवानगी घे, तिने सांगितलेला शब्द लिही, आणि खाली तिचे नाव घालू का हेही तिलाच विचार. या चार गोष्टींनी प्रकल्पाला दोन दिवस अधिक लागतील. पण शब्द गोळा करण्याबरोबरच, शब्द ज्याचा असतो त्याला विचारावयाचे असते, हा धडाही त्या वयातच त्याच्या मनावर ठसेल.